हाक वर मारायची की खाली?

“खाली!” मी म्हटलं.

“वर!” सरूबाई म्हणाली.

“खाली, खाली आणि खालीच. माझ्या माहेरची चाल आहे ती. तू म्हणतेस म्हणून वर जायला ती काय लिफ्ट आहे?”

“तुझं माहेर त्येच माझं माहेर, कस्तुरे. एका आडावर पाणी भरलंय आपण. आन् मला सांग, मेंढपाळ रानात हाक देतो ती वर जाती का खाली? खाली मुंडी घालून हाक दिली तर मेंढरं न्हाई येणार, बेडकं येतील.”

“मी तर बाई...” गिरजाबाईंनी तोंड उघडलं. त्यांचं वाक्य सुरू झालं की आपण एक भाकरी थापून, भाजून घ्यावी. तोवर ते संपतं. “...मी तर अजून वरबी न्हाई... आन् खालीबी न्हाई.”

रविवारची दुपार, थेरगावातलं आमचं स्वयंपाकघर. गॅसवर कुकरमध्ये मटण शिजत होतं आणि ओट्याभोवती आम्ही तिघी. वाटणासाठी लसूण हवा होता. तो सोलायला साहेबरावांना उंबऱ्यात बसवलं होतं. साहेबराव म्हणजे माझे यजमान. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. सासूबाईंनी एवढं भारदस्त नाव ठेवलं ते काय फक्त रेशनकार्डावर लावायला?) भांडण सुरू झाल्यापासून त्यांची एकच गड्डी चालली होती. बायकांच्या भांडणात लसणाची पाकळी फार बारकाईनं सोलावी लागते, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं आहे.

आणि दाराला टेकून, हातात मोबाईल घेऊन उभी होती आमची सून निशिगंधा. चर्चच्या क्वायरची, म्हणजे गाणाऱ्या मंडळींची मुख्य. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. सुनेच्या चेहऱ्यावर काहीही नसलं की समजावं, आत भरपूर आहे.

भांडण एका शब्दावरून होतं. ‘मेंढपाळा, हाक दे रे’ हे आमचं जुनं प्रवेशगीत. त्यातल्या ‘हाक’ या शब्दावर सूर वर न्यायचा की खाली आणायचा, एवढंच. हसू नका. यावर संध्याकाळपर्यंत निकाल लागला नाही तर पुढच्या महिन्यापासून आमचं गाणं कायमचं बंद होणार होतं.

हे सगळं सुरू झालं ते मी फादरांशी फक्त एक शब्द बोलायचं ठरवलं म्हणून. (माझा एक शब्द म्हणजे किती, हे फादरांना तेव्हा माहीत नव्हतं. नवीन होते बिचारे.)

झालं असं, की आमच्या चर्चची हल्ली प्रगती झाली आहे. भिंतीवर मोठा स्क्रीन आला आहे, चार माईक आले आहेत. आणि एक कीबोर्ड आला आहे, ज्याचं एक बटण दाबलं की तो आपणहून ‘ढिच्चिक ढिच्चिक’ करत राहतो. त्याला ना श्वास लागतो, ना श्रद्धा. क्वायर गाते, छान गाते, नाही कशाला म्हणू? माझीच सून आहे. पण बाकीचे लोक? हाताची घडी घालून उभे. दुकानाच्या काचेतून टीव्हीवरची मॅच बघतात ना, तसे. फादर म्हणतात, “आपण सारे मिळून गाऊ या.” की सारे मिळून जांभई देतात. मी एकदा मोठ्यानं सूर लावला तर पुढच्या बाकावरची पोरगी अशी वळून बघायला लागली, जणू मी मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, भेळ खात होते.

आमच्या वेळी (हे दोन शब्द उच्चारले की आमच्या घरात टीव्हीचा आवाज वाढतो), तर आमच्या वेळी इथे चर्चसुद्धा नव्हतं. पिंपरीला एका कारखान्यामागची पत्र्याची शेड, तिथे महिन्यातून दोनदा मिस्सा. नगरकडनं, जालन्याकडनं कंपन्यांत कामाला आलेली माणसं. पहिली शिफ्ट सुटली की हाताला ऑइल तसंच घेऊन यायची. पेटी नाही, तबला नाही. शेजारी प्रेसशॉपचा धाडधाड आवाज, त्याच्यावर मात करायची म्हणून सगळे असे गायचे की पत्रा थरथरायचा. फादर शेवटचा आशीर्वाद देऊन निघून जायचे तरी आमचं एक कडवं शिल्लक असायचं.

पहिलं कडवं उचलायचा मान माझा. मी शाळेची पायरी चढलेली नाही. गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन, पाठ असलेल्या ओळींवर बोट ठेवत ठेवत अक्षरं ओळखली. म्हणून माझी मुळाक्षरं ‘क’पासून नाही, ‘मेंढपाळा’च्या ‘म’पासून सुरू होतात. तरी आज रोजचा पेपर अग्रलेखासकट वाचते आणि त्यातल्या चुका काढते.

साहेबरावांना मात्र मी लग्नानंतर लगेचच गाणं बंद केलं होतं. माणूस देवगुणी, पण आवाज म्हणजे पत्रा कापायचं मशीन. चर्चमध्ये ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही, असा आमचा ठराव. तो त्यांनी आजतागायत पाळला. निदान मी तसं समजत होते.

तर मी फादरांना मिस्सेनंतर गाठलं.

“फादर, एक शब्द.”

“बोला ना आजी.”

मी बोलले. मध्ये त्यांचा चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. शेवटी ते म्हणाले, “आजी, तुमचं सगळं पटतं. पण लोकांना जुनी गीतं येतच नाहीत आता.”

“येतात. न येण्याचं सोंग करतात. तुम्ही एक रविवार स्क्रीन बंद करा, माईक बंद करा, ते ढिच्चिक बंद करा. अख्खं चर्च गाईल.”

“आणि नाही गायलं तर?”

“तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही.”

फादरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं नाताळ लवकर आला. “कधीच नाही?”

“कधीच नाही. पण गायलं, तर महिन्यातला एक रविवार आमचा. कायमचा.”

त्यांनी इतक्या घाईनं मान हलवली की माझा जरा अपमानच झाला.

घरी येताना निशिगंधा स्कूटरवर एक अक्षर बोलली नाही. सासूनं सुनेच्या हातातला झाडू काढून घेतला तर सून मनातून खूश होते, कीबोर्ड काढून घेतला तर तसं होत नाही. डांगे चौकाच्या सिग्नलला मात्र ती म्हणाली, “आई, मलाही आवडतात हो जुनी गीतं. पण आधी सगळ्यांना बसवून सूर तरी ठरवून घ्या.”

“सूर ठरवायचा नसतो, सूर असतो!” मी म्हटलं. मागच्या रिक्षावाल्यानंही मान डोलावली. (किंवा तो हॉर्न वाजवत होता.)

तरी पण नव्या पुस्तकात गीताची निम्मी कडवी गाळलेली, ती आठवायला हवी होती. म्हणून मी सरूबाईला आणि गिरजाबाईंना घरी बोलावलं. सरूबाई माझी नगरकडच्या गावची मैत्रीण. सारा जन्म तिकडेच काढला, आता आता मुलाकडे कुरुळीला राहायला आलेली. गिरजाबाई जालन्याकडच्या. त्या गातात गोड, पण प्रत्येक अक्षर उन्हात वाळवून मगच पुढचं घेतात.

साहेबराव दिवाणावर दुपारची झोप काढत होते. माश्या बसतात म्हणून डोक्यावरून पांढरी चादर ओढलेली. आम्ही तिघी दिवाणाभोवती खुर्च्या मांडून, डोक्यावर पदर घेऊन बसलो आणि सुरू केलं. दार उघडंच होतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या सुभद्राबाई दारात येऊन उभ्या राहिलेल्या मी बघितल्या. म्हटलं, बघा, जुन्या गाण्याची ताकद! दुसऱ्या धर्माची बाई, पण पाय ओढत आले. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भक्तिभाव. त्या गेल्या. मी मनात म्हटलं, भरून आलं बिचारीला, एकटं बसायचं असेल.

आम्ही ‘हाक’पाशी आलो, सरूबाईचा आवाज एकदम वर गेला. मला वाटलं, हिला ठसका लागला. तेवढ्यात सुभद्राबाई परत आल्या. बरोबर खालच्या मजल्यावरच्या दोन बायका, हातात झाकलेलं पातेलं. पातेलं खाली ठेवलं आणि त्यांनी हंबरडाच फोडला.

“सकाळी तर लिफ्टमधी भेटले होते वो! म्हनले, ऊन लई वाढलंय! असं कसं हो अचानक...”

“काय झालं?” चादरीतून आवाज आला.

सुभद्राबाईंनी जी किंकाळी मारली तिला मात्र कुठल्याही माईकची गरज नव्हती. बाकीच्या दोघी जिन्यानं गेल्या, लिफ्टसाठी थांबल्या नाहीत. साहेबराव चादर बाजूला करून उठून बसले, सगळ्यांकडे बघितलं, पातेल्यावरचं झाकण उचललं आणि म्हणाले, “पिठलं का?”

ज्या घरी माणूस गेलं त्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आलेली. ज्याच्यासाठी आणलं त्यानंच दोन भाकऱ्या खाल्ल्या. (धर्मग्रंथात मेलेली माणसं उठल्याचं लिहिलंय, पण उठल्या उठल्या पिठलं मागितल्याचं कुठे वाचलं नाही.) मग आम्हीही बसलो. सुभद्राबाई आधी रागावल्या, मग हसल्या, मग स्वतःही जेवल्या. तालीम तिथेच संपली. आम्ही तिघींनी एकमेकींना सांगितलं, “रविवारी बघा!” आणि मनात प्रत्येकीनं म्हटलं, ह्या दोघी जरा चुकतात, पण मी लावीन तो सूर धरतील बरोबर.

रविवार उजाडला.

स्क्रीन बंद. माईक बंद. कीबोर्डवर कापड. मी पहिल्या बाकावर उभी राहिले आणि सूर उचलला. ‘मेंढपाळा...’

आणि मंडळी, अख्खं चर्च गायला लागलं! मी खोटं सांगत नाही. हाताच्या घड्या सुटल्या. मागच्या बाकांवरून, खांबाच्या मागून, बाहेर मंडपात उभ्या असलेल्या बाप्यांमधून आवाज आला. जे लोक मिस्सेत फक्त खोकायला येतात तेही गायले. माझ्या अंगावर काटा आला. मी फादरांकडे असं बघितलं, जसं परीक्षेचा निकाल पोस्टमननं नाही, मीच आणून दिला.

मग ‘हाक’ आली.

माझ्यासकट अर्धं चर्च खाली गेलं. सरूबाई आणि नगरकडची नुकती आलेली सगळी माणसं वर गेली. आणि गिरजाबाईंच्या मागचे जालन्याचे लोक अजून ‘मेंढपाळा’च्या ‘पा’वर उभे होते.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? थांबतो. आमच्यात शहाणं कुणी नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला आपलं ऐकू येत नाही म्हणून तो चुकतोय. म्हणून प्रत्येकानं आवाज वाढवला. वरचे आणखी वर गेले. आम्ही आणखी खाली गेलो, माझी हनुवटी छातीला टेकली. मध्येच थांबणं म्हणजे हार मानणं, आणि इथे हार मानायला कोण आलं होतं? त्यात कडवी नऊ. ती मीच सगळ्यांना आठवून दिलेली.

फादर वेदीपाशी हात जोडून उभे. तिसऱ्या कडव्याला बसले. पाचव्याला उभे राहिले, त्यांना वाटलं संपलं. परत बसले. पुढची मिस्सा इंग्रजीची, ती माणसं गाड्या घेऊन फाटकाशी आलेली, पण आतल्या गाड्या निघाल्याशिवाय बाहेरच्या आत कशा येणार? तेव्हा सातव्या कडव्यापासून हॉर्नची साथ सुरू झाली. ती तेवढी तालात होती.

आम्ही आधी संपवलं. मग सरूबाईचा गट. आम्ही सगळे खाली बसलो. आणि त्या शांततेत गिरजाबाई एकट्या, डोळे मिटून, शेवटचं कडवं घेत राहिल्या. चढावर भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये येतो ना, तसा तो आवाज येत होता. सगळं चर्च माना वळवून वाट बघत होतं. शेवटचं अक्षर संपलं. त्यांनी डोळे उघडले आणि आपण उभ्या, बाकी सगळे बसलेले, हे बघून मोठ्या प्रेमानं विचारलं, “काय झालं?”

फादर म्हणाले, “आता आपण मिस्सा सुरू करू या.”

शेवटी दारात त्यांनी मला गाठलं. “आजी, शब्द म्हणजे शब्द. अख्खं चर्च गायलं, मी नाही म्हणत नाही. पण तीन चर्च एकदम गायली. आज संध्याकाळपर्यंत मला एक चाल कळवा. एक! ती कळवली तर रविवार तुमचा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून स्क्रीन चालू.”

म्हणून मटणाचा बेत. रिकाम्या पोटी एकमत होत नाही, असं माझं मत. भरल्या घरीही होत नाही, हे आता कळत होतं.

“नम्रता!” मी ओट्यावर हात आपटून म्हटलं. “त्या सुरात नम्रता आहे. हाक ऐकली की माणूस गुडघे टेकतो, म्हणून सूर खाली उतरतो. हा त्यातला अर्थ आहे. आजवर आलेल्या प्रत्येक फादरांना आणि सिस्टरना मी तो समजावून सांगितलाय. एका सिस्टरनं तर त्यावर प्रवचन दिलं.”

“कसली नम्रता?” सरूबाई म्हणाली. “तुझ्यात येवढी नम्रता असती तर एवढ्यात वर गेली असतीस.”

साहेबरावांच्या हातातली पाकळी निसटली. ती शोधायला ते बराच वेळ खाली वाकून राहिले.

“आई,” निशिगंधा पहिल्यांदाच बोलली. “मी मागून मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलंय. ऐकायचं का? ज्या चालीत जास्त लोक असतील ती ठेवा. प्रश्न मिटला.”

सून कधी कधी असं काही बोलते की वाटतं, मुलानं लग्न करताना डोळे उघडे ठेवले होते. (मुलगा सिद्धेश या सगळ्यात चाकणला कंपनीत होता. रविवारी ओव्हरटाइम. तो घरात पाहुणे असले की हमखास निघतो.)

तिनं रेकॉर्डिंग लावलं. जरा वेळ बाजारच ऐकू आला. मग ‘हाक’ आली आणि वरच्या पाच-पंचवीस आवाजांच्या खालून मोठ्ठा, जाड, घरंगळत उतरणारा आवाज. गावाहून नवी आलेली माणसं सोडली तर सगळं जुनं पिंपरी-चिंचवड माझ्या बाजूनं होतं. गिरजाबाईंचे लोक तर त्या क्लिपमध्ये ‘हाक’पर्यंत पोचलेच नव्हते, त्यामुळे त्यांचं मत मोजता आलं नाही.

“ऐकलंस?” मी सरूबाईला म्हटलं. “ऐकलंस का? माझ्या माहेरची चाल! मी शिकवली या शहराला! लावा हो फादरांना फोन!”

“माणसं जास्त म्हणून वाट बरोबर ठरत न्हाई,” सरूबाई म्हणाली. “ती चाल आपल्या गावची न्हाईच.”

“माझ्या बापानं शिकवलीय मला!”

“तुझा बाप माझ्या बापाशेजारी उभा ऱ्हायाचा, कस्तुरे. ‘हाक’ आली की दोघं असं वर जायचं की मागच्या वस्तीवरची कुत्री भुकायची. इसरलीस?”

  कुत्री भुंकायची, खरंच. दर मिस्सेला भुंकायची. फादर प्रवचन सुरू करायला कुत्र्यांसाठी थांबायचे. इतक्या वर्षांत मला ती कुत्री आठवली नव्हती, आणि आता सरूबाईनं ती माझ्याच स्वयंपाकघरात आणून सोडली.

“मग ही खालची चाल आली कुठून?” निशिगंधानं विचारलं.

 मटण रटरटत होतं. उंबऱ्यातून खाकरण्याचा आवाज आला.

“ते...” साहेबराव लसणाकडे बघत म्हणाले, “शेडमधलं आहे ते.”

“शेडमधलं काय?”

“सिद्धेशच्या वेळी तू बाळंतपणाला माहेरी गेली होतीस. मिस्सा सुरू व्हायची वेळ झाली, पहिलं कडवं उचलायला कोणी नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कस्तुराचा नवरा, याला येत असणारच. मग मी उचललं.”

“तुम्ही? गायलात?”

“एवढी एकच वेळ. म्हणजे, तू येईस्तोवर.” त्यांनी पाकळीचं साल अलगद ओढलं. “‘हाक’पाशी आलो. वर बघितलं. म्हटलं, हे आपल्याच्यानं होणार नाही. तसाच खाली उतरलो. माझ्या मागं सगळी शेड उतरली. सगळ्यांना सोपंच पडलं ते. तू आलीस तोवर तीच चाल झालेली. तूही बाळाला मांडीवर घेऊन तशीच गायलीस.”

“आणि मला बोलला नाहीत? इतकी वर्षं?”

“तू बंदी घातलेली ना गं. चाल सांगितली असती तर मी गायलो हेही कळलं असतं.” मग दुसरी पाकळी उचलून म्हणाले, “नंतर तू फादरांना ती नम्रता सांगायला लागलीस. तेव्हा तर अजिबातच सांगता येईना. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचो. अख्खं चर्च माझ्या मागं गातंय असं वाटायचं. ओठ हलवायलासुद्धा मजा यायची.”

निशिगंधा ओढणी तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. सरूबाईनं ओट्याला धरून हसायला सुरुवात केली. गिरजाबाई गंभीरपणे आम्हा सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांना अजून कळायचं होतं.

ज्या उतरत्या सुरावर एका सिस्टरनं प्रवचन दिलं, ज्यावर मी चार-पाच फादरांना माना डोलवायला लावल्या, ती नम्रता म्हणजे माझ्या नवऱ्याचा न चढलेला घसा होता.

पण मी काही अशी तशी हार मानणारी बाई नाही. “ठीक आहे!” मी म्हटलं. “मग खरी चाल ती खरी चाल. वर तर वर! माझ्या बापाची चाल आहे. मी घेऊन दाखवते.”

“आई, जपून...” निशिगंधा म्हणाली.

मी ओट्याला धरलं, छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले, बापाचं नाव घेतलं आणि ‘हाक’ वर फेकली.

ती माझ्या गळ्यातून निघाली की कुकरमधून, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. ती वर गेली, मध्ये कुठेतरी अडकली, तिथे फाटली आणि तिथून तुकड्यातुकड्यानं खाली आली. बाल्कनीतली कबुतरं उडाली. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली. सरूबाईचं हसू थांबलं, तिनं घाईघाईनं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. आणि याच शांततेत गिरजाबाईंना मघाचं कळलं, त्या एकट्याच खो-खो हसायला लागल्या.

दाराची बेल वाजली.

निशिगंधानं दार उघडलं. सुभद्राबाई उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक, पदर सावरलेला, हातात तेच झाकलेलं पातेलं.

“आता कोन गेलं वो?” त्यांनी हळूच विचारलं.

 साहेबरावांनी मान उंच करून आशेनं पातेल्याकडे बघितलं. सरूबाई माझ्याकडे बघत होती, निशिगंधा माझ्याकडे बघत होती, तिच्या मोबाईलवर फादरांचा नंबर तयार होता. मी घोटभर पाणी प्यायले, पदर डोक्यावर नीट घेतला, आणि बसलेल्या घशानं उंबऱ्याकडे बघून म्हटलं,

“पुढच्या महिन्यात हाक खालीच, आणि पहिलं कडवं तुम्हीच उचला, पण आधी तेवढा लसूण संपवा!”